कुत्र्याला घेऊन कोकणात उन्हाळ्याचा एक दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वेंगुर्ल्याजवळ राहते. घरी बोंडू नावाचा गावठी कुत्रा आहे, पिकल्या काजूच्या बोंडासारखा तांबूस, म्हणून बोंडू. एप्रिल लागला की पुणे, मुंबई, कोल्हापूरकडच्या ओळखीच्यांचे आणि त्यांच्या ओळखीच्यांचे फोन सुरू होतात: कुत्र्याला घेऊन येतोय, किनाऱ्याने चालायचंय, काय करू? दरवर्षी तेच प्रश्न, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते.

उन्हाळ्यात कुत्र्याला कोकणात आणावं का?

आणा, पण तापमानाचा आकडा बघून फसू नका. पुण्यात ३९ असताना आमच्याकडे ३४ असतं, म्हणून माणसं खूश होतात. कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंजांच्या गादीतून. बाकी सगळं अंग तो धापा टाकून थंड करतो, म्हणजे जिभेवरचा, तोंडातला ओलावा वाळतो तेव्हा. आमच्या दमट हवेत दोरीवरचा टॉवेल वाळत नाही, तिथे कुत्र्याची जीभ काय वाळणार? कोरड्या ३९ पेक्षा हे ३४ त्याला जड जाऊ शकतं.

पग, बुलडॉग, बॉक्सर अशा चपट्या नाकाच्यांना मे महिन्यात आणू नका. हस्की आणि सेंट बर्नार्डवाल्यांना काय सांगायचं ते मी फोनवर सांगते, इथे लिहिण्यासारखं नाही. म्हातारा, लठ्ठ किंवा हृदयाचा त्रास असलेला कुत्राही घरीच बरा. आणि दाट केसांचा आहे म्हणून वस्तऱ्याने सफाचट करून आणू नका, ते केस उन्हापासून आडोसाही करतात.

कोणता दिवस निवडू?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, आणि नेमका हाच कुणी विचारत नाही. शनिवार-रविवार बघू नका, तिथी बघा.

किनाऱ्यावर चालायला ओली, घट्ट वाळू लागते. ती ओहोटीला उघडी पडते. भरतीला पाणी वरपर्यंत येतं आणि चालायला उरते ती फक्त कोरडी, पाय रुतणारी वाळू. ऊन चढलं की तीच भाजते. म्हणजे आपल्याला ओहोटी पाहिजे पहाटे-सकाळी. ती कधी मिळेल?

इकडचा जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ ला भरती, आणि ओहोटी भर दुपारी १२ ला. सकाळी वाळू नाही, संध्याकाळी वाळू नाही, आणि वाळू आहे तेव्हा डोक्यावर सूर्य. कुत्र्यासाठी याहून वाईट दिवस नाही. दशमीलाही तीच गत. याउलट द्वितीया घ्या: दोन पाऊण दीड. रात्री दीडला भरती, सकाळी साडेसात-पावणेआठला ओहोटी. सहाला निघालात तर पाणी मागे हटत असतं, वाळू रुंद होत जाते, आणि साडेआठला परत येईपर्यंत वाट बंद होत नाही. संध्याकाळी पुन्हा पावणेआठच्या सुमारास ओहोटी, म्हणजे सूर्यास्ताची चालही जमते.

पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. त्यामुळे पौर्णिमा किंवा अमावास्या ते तृतीया हे आमचे दिवस, महिन्यातून दोनदा येणारे. हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरती-ओहोटीचं छापील कोष्टकही बघून घ्या. पण गाभा खरा आहे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच मागे सरकते, आणि पाऊण तास त्याच्या जवळपासच आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी असतेच.

एक मात्र ध्यानात ठेवा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी जितकं खाली जातं तितकंच वर येतं. भांगाच्या भरतीला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाण्याची चढउतार कमी असते. पण उधाणाच्या दिवसांत ज्या खडकाला वळसा घालून सहज गेलात तो दोन-तीन तासांत पाण्याखाली असू शकतो. भरतीच्या मधल्या दोन तासांत पाणी सगळ्यात भरभर चढतं.

मग दिवस कसा आखायचा?

साडेपाचला उठा, सहाला वाळूवर. साडेआठला, फार तर नऊला, चाल संपली पाहिजे. नऊ ते साडेचार पडवी, गार जमीन, पंखा, झोप. पाचनंतर पुन्हा बाहेर, काळोख पडायच्या आत परत. मधले सात-आठ तास माणसांना वाया गेल्यासारखे वाटतात. तुम्ही जेवा, आंबे खा, आळीपाळीने समुद्रावर जा, पण कुत्र्याजवळ एक माणूस ठेवा. गाडीत त्याला ठेवून ‘दहा मिनिटांत येतो’ हे नाही. काचा थोड्या खाली केल्या तरी नाही.

चालायला कुठे जाऊ?

माझी आवडती वाट भोगवे ते निवती. उत्तरेला कर्ली नदीचं मुख, पलीकडे देवबाग, आणि दक्षिणेला निवतीच्या किल्ल्याची टेकडी. मध्ये सलग वाळू. सकाळी ओहोटीला वाळूवर बारीक गोळ्यांची रांगोळी पडलेली असते. इवलेसे खेकडे वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाणं चाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी मागे टाकतात, बिळाभोवती ओळीच्या ओळी. बोंडू प्रत्येक बिळात नाक खुपसतो, फुंकर मारतो, शिंकतो, पुढच्या बिळाकडे जातो. त्याच्या हिशेबाने ही वाट कधीच संपत नाही.

वाळू संपून खडक सुरू झाले की मी परत फिरते. किल्ल्यावर जायचं असेल तर रस्त्याने वर जा, खडकांतून कुत्रा चढवू नका. वरून भोगव्याचा अख्खा किनारा दिसतो, पण वर चढेपर्यंत सात वाजून गेले असतील तर जांभ्याचा सडा, म्हणजे वरचं उघडं कातळी पठार, तापायला लागलेला असतो. ते दृश्य संध्याकाळसाठी ठेवा.

रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीचं मुरूड-कर्दे आणि गुहागर, दोन्हीकडे लांबच लांब सपाट वाळू आणि मागे झाडी. आरे-वारेचा किनारा वरच्या रस्त्यावरून बघायला छान आहे, पण तो रस्ता डांबरी आणि वळणांचा, कुत्र्याबरोबर चालायचा नव्हे. हरिहरेश्वरच्या समुद्राकडच्या प्रदक्षिणामार्गावर कुत्रा अजिबात नेऊ नका. एक तर तो देवाचा मार्ग आहे, आणि तिथल्या खडकांवरून लाटेने माणसं ओढून नेलेली आहेत. हेदवीची बामणघळही लांबूनच बघा, लाट घळीत घुसून वर उसळते तेव्हा कुत्रा बिथरून कुठेही पळतो.

पंजे भाजतात हे कसं कळणार?

हाताची मागची बाजू वाळूवर किंवा कातळावर ठेवा आणि सात आकडे मोजा. हात काढावासा वाटला तर कुत्र्याचा पंजाही तिथे नको. किनाऱ्यावर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असते. समुद्राची मर्यादा तिथपर्यंत, म्हणून ते नाव. भाजणारी वाळू असते ती बहुतेक या वेलीपासून ओल्या वाळूपर्यंतचा पट्टा. तो सकाळी लवकर ओलांडायचा आणि परतताना साडेआठच्या आत.

हे शिकायला मला एक लॅब्रॅडॉर उचलावा लागला. पुण्याहून मावसभाऊ आला होता, रविवार होता, आणि अष्टमी. सकाळी पाणी वर, म्हणून आम्ही शहाण्यासारखे ओहोटीची वाट बघत बसलो आणि साडेदहाला निघालो. ओल्या वाळूवर मजेत लांब गेलो. परत यायला बारा वाजले, आणि पाण्यापासून सुरूच्या झाडांपर्यंत सत्तर-ऐंशी पावलांची कोरडी वाळू मध्ये. लॅब्रॅडॉर दहा पावलं आला, मग एक पाय उचलला, मग दुसरा, मग बसला, तर बूडही भाजलं आणि उठला. ओरडला नाही. नुसता आमच्याकडे बघत पाय बदलत राहिला. बत्तीस किलोचा कुत्रा, आम्ही दोघांनी टॉवेलची झोळी करून उचलला. घरी येऊन पाहिलं तर गादीची कातडी फोडासारखी सुटलेली. पंधरा दिवस लंगडला. भावाने तेव्हापासून पंचांग घेतलंय.

उन्हाइतकीच कापणारी दुसरी गोष्ट म्हणजे खडकांना चिकटलेली कालवं. त्यांच्या शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. खडकाळ जागी दोरी आखूड धरा. कापलंच तर गोड्या पाण्याने धुऊन, स्वच्छ कापड घट्ट बांधून सावलीत न्या.

बूट घालू का?

घरी महिनाभर सवय केली असेल तर घाला. इथे येऊन पहिल्यांदा घालाल तर त्यात वाळू जाईल आणि तो बदकासारखा चालेल.

पाणी किती घेऊ?

एरवी कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५०-६० मिली पाणी लागतं, उन्हात दुपटीच्या वर. वीस किलोच्या कुत्र्यासाठी सकाळच्या चालीला दोन लिटर घ्या. त्यातलं काही पोटात जाईल, काही अंगावर ओतायला. दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं थोडं द्या, तहान लागेपर्यंत थांबू नका. तहानलेला कुत्रा समुद्राचं पाणी पितो, मग उलट्या, जुलाब, आणि जास्त प्यायला तर झटकेसुद्धा.

शहाळ्याचं पाणी दोन घोट चालेल. सोलकढी देऊ नका. त्यात लसूण असतो आणि लसूण-कांदा कुत्र्याला विषारी.

समुद्रात पोहू देऊ का?

मे महिन्याच्या मध्यापर्यंत, शांत किनाऱ्यावर, त्याच्या छातीपर्यंतच्या पाण्यात, लांब दोरीला बांधून. नदीच्या किंवा खाडीच्या मुखाशी कधीच नको. ओहोटीला तिथून पाणी बाहेर ओढतं आणि चांगला पोहणारा कुत्राही समुद्राच्या दिशेने जातो. त्याच्यामागे उडी मारणारं माणूसही जातं. चेंडू पाण्यात पुन्हा पुन्हा फेकू नका, प्रत्येक वेळी तो तोंडभर खारं पाणी गिळतो.

मेच्या शेवटी समुद्र खवळायला लागतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या दिसल्या की आपणही पाण्याबाहेर राहायचं.

किनाऱ्यावर काय काय तोंडात घालेल?

सगळंच. पण भीती कशाची बाळगायची ते सांगते.

केंड. फुग्यासारखा फुगणारा मासा. जाळ्यातून काढून वाळूत टाकलेला असतो. त्यातलं विष मेल्यावरही, वाळल्यावरही जात नाही आणि त्यावर उतारा नाही. केंड चावताना दिसला तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरकडे.

शिंगाळ्याचे काटे. टाकून दिलेल्या शिंगाळा माशाचा काटा दातेरी असतो, तो पंजात किंवा टाळूत घुसला की उलटा निघत नाही. ओढू नका, डॉक्टरला काढू द्या. गळ आणि नायलॉनच्या दोरीचंही तेच. झार, म्हणजे जेलीफिश, वाळूवर वाळत पडलेले असले तरी चावतात, त्यांना हुंगू देऊ नका.

आणि किनाऱ्याबाहेरची दोन. आंब्याची कोय गुळगुळीत, गोड, घशातून सहज जाते आणि आतड्यात अडकते. ऑपरेशनशिवाय निघत नाही. पाहुणे कोयी चोखून खळ्यात, म्हणजे अंगणात, टाकतात ते आधी थांबवा. दुसरं म्हणजे कच्चा काजू सालासकट. त्या सालातलं तेल तोंड भाजून काढतं. बोंड खाल्लं तर काही नाही, त्याच्या टोकाला लटकलेली बी नको.

ऊन लागलं हे कसं ओळखू आणि काय करू?

धापा थांबत नाहीत, लाळ दोरीसारखी चिकट होते, हिरड्या लालभडक होतात, पाय वाकडेतिकडे पडतात, उलटी होते. यातलं काहीही दिसलं की चाल संपली. ‘गाडीपर्यंत चालवतो’ हेही नाही, उचला.

सावलीत आणा आणि अंगावर पाणी ओता: पोट, जांघा, पंजे, काखा. गोडं नसेल तर समुद्राचं ओता. वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो गरम होऊन उष्णता आत कोंडतो. बर्फात बुडवू नका. शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी, जबरदस्तीने तोंडात ओतायचं नाही. थर्मामीटर जवळ असेल तर कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०४ च्या वर गेलं तर धोका, १०३ पर्यंत उतरलं की पाणी ओतणं थांबवा. आधी थंड करा, मग वाटेला लागा, आणि बरा दिसला तरी डॉक्टरला दाखवा, कारण मूत्रपिंडाचं नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं. येण्याआधीच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा आणि एका खाजगी डॉक्टरचा नंबर मिळवून ठेवा. रविवारी दुपारी शोधत बसू नका.

किनाऱ्यावर मासे सुकत घातलेले असतात. तिथून कसं जाऊ?

लांबून, आणि दोरी आखूड धरून. ती कुणाची तरी पावसाळ्याची बेगमी असते. बोंडू लहान असताना एकदा सुटला आणि एका काकींच्या मांदेल्यांवर जाऊन उभा राहिला. खाल्ल्या पाच-सहाच, तुडवल्या टोपलीभर. मी माफी मागत पळत आले. काकी काठी घेऊन उठल्या, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “सुकली काय मगे ये म्हणान सांग तेका.” पैसे दिले तर आधी घेतले नाहीत, मग मोजून घेतले. तेच योग्य. तुम्हीही न मागता द्या.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर कुत्र्याला वीस-पंचवीस हात लांब ठेवा. दोरात पाय अडकला तर कुत्र्याचाही मोडतो आणि ओढणाऱ्यांची लयही.

गावातले कुत्रे अंगावर आले तर?

किनाऱ्याच्या प्रत्येक तुकड्यावर त्यांचं राज्य असतं, पाहुणा तुमचा आहे. पळू नका, दगड मारू नका, आपल्या कुत्र्याला उचलून छातीशी धरू नका. पाण्याच्या बाजूने, त्यांच्याकडे न बघता सरळ चालत राहा. शंभर-दीडशे पावलांवर त्यांची हद्द संपते. रेबीजची लस झालेली असलीच पाहिजे. गोचीडांचं औषधही निघायच्या आठवडाभर आधी लावा, गुरं चरतात तिथल्या गवतात गोचीड भरपूर.

कासवांच्या किनाऱ्यावर कुत्रा चालेल का?

वेळास, आंजर्ले, आमच्या तालुक्यात वायंगणी, अशा ठिकाणी ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात आणि पिल्लं मेपर्यंतही बाहेर पडतात. पिल्लं निघतात ती बहुतेक पहाटे नाहीतर संध्याकाळी, म्हणजे नेमक्या आपल्या वेळा. कुत्रे घरटी उकरतात, पिल्लं उचलतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे. मी हंगामात बोंडूला त्या किनाऱ्यांवर नेतच नाही. कासवं बघायला जायचं तर कुत्र्याशिवाय जा.

सापांचं काय?

सड्यावर फुरसं असतं. लहान, जांभ्याच्या रंगात मिसळून जाणारं, आणि डिवचलं तर अंगाचे वेटोळे घासून करवतीसारखा आवाज काढणारं. उन्हाळ्यात ते अंधार पडल्यावर फिरतं, दिवसा दगडाखाली. म्हणून सड्यावर काळोखानंतर चालणं नाही आणि दगडांच्या ढिगात नाक घालू देणं नाही. चावलंच तर जखम कापू नका, दोरी आवळू नका. कुत्र्याला चालू न देता उचला, आणि जाता जाता फोन करून प्रतिविष कुठे आहे ते विचारा.

रात्री बाहेर बांधला तर चालेल?

नाही. बिबट्या, ज्याला इकडे सर्रास वाघ म्हणतात, खळ्यात बांधलेला कुत्रा घेऊन जातो. आमच्या वाडीत बहुतेक घरांकडे अशी एक तरी गोष्ट आहे. दिवे लागले की कुत्रा दाराच्या आत.

उतरायला जागा मिळेल का?

मिळते, पण आधी फोनवर स्पष्ट विचारा आणि कुत्रा केवढा आहे ते खरं सांगा. ‘लहानसाच आहे’ म्हणून जर्मन शेफर्ड आणलेले मी पाहिलेत. पडवीत चालतो म्हणाले तर पडवीतच, माजघरात नाही. देवघर आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी दोरी आखूड. घरात कोंबड्या आहेत का, मांजर आहे का, हेही विचारा.

यजमान प्रेमाने बांगड्याचं डोकं घालून भात देतील. काटे काढल्याशिवाय देऊ नका. आणि सावली बघून माडाखाली बांधू नका. नारळ पडताना कुणाला विचारत नाही, झावळही नाही.

प्रवास कसा करू?

गाडीने, रात्री किंवा पहाटे. घाटाआधी तीन-चार तास खायला देऊ नका, वळणांवर उलटी ठरलेली. फेरीबोटीत, इकडे जंगलजेटी म्हणतात, गाडीचं इंजिन बंद असतं आणि लोखंडी डेक तापलेला. म्हणून कुत्र्याला गाडीत कोंडू नका आणि डेकवर अनवाणी उभाही करू नका. मांडीवर किंवा जाडशा गोणपाटावर ठेवा.

रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावावर हवी, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. मे महिन्यात त्या पेटीत मी बोंडूला बसवणार नाही.

आंघोळ कधी घालू?

किनाऱ्यावरून आल्या आल्या, खारं पाणी अंगावर वाळायच्या आत. विहिरीचं पाणी कळशीने, साबणाशिवाय. बोटांच्या मध्ये आणि कानांमागे नीट बघा, कान आतून कोरडे करा. दमट हवेत ओला कान दोन दिवसांत वास मारायला लागतो. विहिरीपासून जरा लांब घाला, धुतलेलं पाणी परत विहिरीत झिरपलं तर घरची आजी ऐकवेल आणि ते बरोबरच असेल.

गाडीतली वाळू कशी काढायची?

निघत नाही. आमच्या गाडीत दोन वर्षांपूर्वीची आहे.